लंडन ते ब्रायटन: धर्मादाय सायकल-राइडची नोंदणीपासून परतीपर्यंतची तयारी

जून महिन्यातील एका रविवारी पहाटे दक्षिण लंडनमधील क्लॅपहम कॉमन या मैदानावर हजारो सायकलस्वार जमतात आणि ५४ मैलांवरील, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटरवरील, ब्रायटनच्या किनाऱ्याकडे निघतात. ही ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची लंडन ते ब्रायटन राइड. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या या राइडमध्ये शर्यतीच्या सायकलींवरचे सराईत लोक जसे दिसतात, तसेच एरवी कधीही सायकल बाहेर न काढणारे, दोन आसनांच्या टँडमवर बसलेले नवराबायको आणि चित्रविचित्र पोशाख केलेले हौशी लोकही दिसतात. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या हृदयविकारावरील संशोधनासाठी पैसा उभा करणे हा राइडचा हेतू आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकाराचा आणि टाइप २ मधुमेहाचा धोका इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा अधिक असतो, हे इथले डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, आणि ऐन चाळिशीत झटका आलेला कोणी ना कोणी आपल्या परिचयात असतोच.

पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांचा तयारीचा क्रम बहुधा उलटा असतो. ते आधी सायकल आणि कपडे घेतात, मग जमेल तसा सराव करतात आणि राइड दहा दिवसांवर आली की घाईघाईने सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर देणगीची लिंक टाकतात. माझ्या मते नोंदणी झाली की सर्वांत आधी निधीच्या कामाला लागावे, कारण सरावाला बारा आठवडे पुरतात, पण लोकांकडून पैसे मिळवण्यासाठी त्याहून अधिक आणि निवांत वेळ लागतो. पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे.

नोंदणी करताना

नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर होते आणि ती बरेच महिने आधी सुरू होते. नोंदणी करताना दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्यात. प्रवेशशुल्क हा राइडच्या आयोजनाचा खर्च आहे, तर निधीचे उद्दिष्ट ही त्यापलीकडची जबाबदारी आहे. प्रवेशशुल्क भरले म्हणजे देणगी दिली असे होत नाही आणि त्यावर गिफ्ट एडही (देणगीवर सरकारकडून संस्थेला मिळणारी जादा रक्कम) मिळत नाही. सुरुवातीची वेळ टप्प्याटप्प्याने दिली जाते. निवड करता येत असेल तर शक्य तितकी लवकरची वेळ घ्यावी. उशिरा निघणाऱ्यांना अरुंद रस्त्यांवर आणि विशेषतः शेवटच्या मोठ्या चढावर गर्दीत अडकून पडावे लागते, आणि चालत्या सायकलीपेक्षा थांबलेल्या सायकलीवर माणूस अधिक दमतो.

त्याच दिवशी परतीची सोयही ठरवून टाकावी. राइडच्या दिवशी ब्रायटनहून लंडनकडे येणाऱ्या रेल्वेगाड्यांत सायकली घेत नाहीत, आणि हे अनेकांना ब्रायटन स्थानकावर पोहोचल्यावर कळते. आयोजकांकडून सायकलींसाठी ट्रक आणि माणसांसाठी बस यांची सशुल्क व्यवस्था असते, पण ती आगाऊ आरक्षित करावी लागते. घरचे कोणी गाडी घेऊन येणार असेल, तर किनाऱ्यालगत पार्किंग मिळेल या भरवशावर राहू नये. शहराबाहेर भेटण्याचे ठिकाण ठरवून तिथपर्यंत सायकलने जाणे सोपे पडते. सोमवारी रजा मिळत असेल, तर रात्री ब्रायटनला राहून, रेल्वेला सायकल चालते का हे पाहून, दुसऱ्या दिवशी गर्दीची वेळ टाळून परतणे हा सर्वांत सुखाचा मार्ग आहे.

वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा घराण्यात हृदयविकार असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वी जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, भेटावे. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ या वयोगटातील, आधीपासून विशिष्ट आजार नसलेल्या लोकांना दर पाच वर्षांनी एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, मोफत आरोग्य तपासणी मिळते. आपल्यापैकी पुष्कळांनी तिच्या बोलावण्याच्या पत्राला उत्तरच दिलेले नसते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी लांब राइडच्या दिवशी मात्रा आणि खाणे यांचा मेळ कसा घालायचा, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

निधी कसा जमवावा

देणग्यांसाठी जस्टगिव्हिंगसारख्या संकेतस्थळावर आपले पान तयार करता येते. पानावरचा मजकूर सहा-सात वाक्यांचा असावा, आणि त्यात संस्थेची माहिती कमी व आपले कारण अधिक असावे. वडिलांची बायपास झाली असेल तर तसे लिहावे. तसे काही घडले नसेल, तर ओढूनताणून करुण गोष्ट रचू नये, केवळ ‘८७ किलोमीटर मी आजवर कधी चालवलेले नाहीत’ एवढेही कारण पुरते. पान उघडताच पहिली देणगी स्वतःची टाकावी, कारण शून्यावर असलेल्या पानावर पहिला आकडा टाकायला लोक कचरतात. त्यानंतरच्या दोन-तीन देणग्या अगदी जवळच्या माणसांकडून मागून घ्याव्यात. मागाहून येणारे लोक आधीच्यांचे आकडे पाहून आपला आकडा ठरवतात, म्हणून सुरुवातीला पन्नास पाउंड देऊ शकणाऱ्या मित्राला आधी विचारणे यात गैर काही नाही.

मागण्याचा संकोच हा आपल्याकडचा खरा अडथळा आहे. पंधरा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरमागे पंधरा मीटर उंचावणारा, चढ चढायला तयार असलेला माणूस शेजाऱ्याला दहा पाउंड मागताना अडखळतो. यावर उपाय म्हणजे सामूहिक संदेश टाळून एकेकाला नावाने लिहिणे. दोनशे जणांच्या गटात टाकलेल्या लिंकला अंगठ्याच्या आणि हात जोडल्याच्या चित्रांखेरीज फारसे काही मिळत नाही, तर ‘काका, मी जूनमध्ये हृदयरोग संशोधनासाठी ब्रायटनपर्यंत सायकल चालवणार आहे, तुम्हाला जमेल ते द्या’ असा स्वतंत्र निरोप सहसा वाया जात नाही. एकदा आठवण करून द्यायला हरकत नाही, दुसऱ्यांदा करू नये. ‘तुझ्या सहलीला आम्ही पैसे का द्यायचे?’ असे थट्टेने किंवा मनापासून विचारणारा कोणी तरी भेटतोच. त्याला प्रवेशशुल्क, सायकल आणि परतीचा खर्च मी स्वतः केला आहे आणि पानावरची देणगी थेट संस्थेला जाते, एवढे सरळ सांगावे. मात्र जस्टगिव्हिंग देणगीदाराकडे संकेतस्थळासाठी ऐच्छिक जादा रक्कमही सुचवते. ती शून्य करता येते हे आपल्या लोकांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे नंतर कुरबूर होत नाही.

गिफ्ट एडकडे दुर्लक्ष करू नये. देणगीदार ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरत असेल आणि त्याने तशी खूण केली, तर प्रत्येक पाउंडामागे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला मिळतात, म्हणजे २० पाउंडांचे २५ होतात आणि देणाऱ्याला एक पेनीही जास्त पडत नाही. ४० टक्के दराने कर भरणाऱ्याला आणखी फायदा आहे. त्याने १०० पाउंड दिले तर संस्थेकडे १२५ जातात आणि आपल्या विवरणपत्रात तो २५ पाउंड परत मागू शकतो. आयटी आणि वैद्यकीय क्षेत्रातील आपले अनेक लोक या दरात मोडतात, पण ही मागणी क्वचितच करतात.

याच्या मर्यादाही पाळायला हव्यात. कर न भरणारा विद्यार्थी, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील किंवा पुण्याहून कार्डाने देणगी देणारी मावशी यांनी गिफ्ट एडची खूण करू नये. देणगीदाराने त्या वर्षी पुरेसा कर भरलेला नसेल, तर फरकाची रक्कम त्याच्याकडूनच वसूल होऊ शकते. कार्यालयात किंवा मंडळात पेटी फिरवून जमवलेली रोख रक्कम आपल्या कार्डाने भरताना तिच्यावर आपल्या नावाने गिफ्ट एड घेणे नियमबाह्य आहे, कारण ती देणगी आपली नसते. भारतातील नातेवाइकांना हेही सांगावे लागते की ब्रिटिश संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतातील ८०जीची करसवलत मिळत नाही. त्यांनी प्रेमापोटी द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण वजावटीच्या आशेने देऊ नये.

नोकरी करणाऱ्यांनी आपल्या कंपनीत ‘मॅच्ड गिव्हिंग’ची योजना आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे. कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेइतकीच रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत कंपनी स्वतः देते. काही ठिकाणी त्यासाठी राइडच्या आधी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून हे काम शेवटावर ढकलू नये.

लंडन आणि परिसरातील मराठी लोकांना दिनदर्शिकेचीही साथ आहे. गुढीपाडवा आणि महाराष्ट्र दिन हे दोन्ही सरावाच्या काळात किंवा त्याच्या आसपास येतात. १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ लंडन असो किंवा आपल्या गावातले छोटे मंडळ, कार्यक्रमात वडापावाचा किंवा मिसळीचा टेबल लावण्याची परवानगी समितीकडे आगाऊ मागावी. कधीतरी एखाद्या धर्मादाय कार्यक्रमात पदार्थ विकण्यासाठी सहसा खाद्यव्यवसायाची नोंदणी लागत नाही, पण स्वच्छतेचे नियम आणि ‘अ‍ॅलर्जन’ची, म्हणजे अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची, माहिती देण्याची जबाबदारी सुटत नाही. आपल्या पदार्थांच्या बाबतीत ही यादी लांब होते. पावातला गहू, चटणीतले शेंगदाणे आणि तीळ, ताकातले दूध, आणि सर्वांत सहज विसरली जाणारी फोडणीतली मोहरी, हे सगळे ब्रिटनच्या चौदा अधिकृत अ‍ॅलर्जनांच्या यादीत आहेत. प्रत्येक पदार्थासमोर घटकांची चिठ्ठी ठेवावी.

सायकल

या अंतरासाठी महागडी रोड बाईक लागत नाही. ठीकठाक अवस्थेतील हायब्रिड (रोड आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल) पुरेशी आहे. मऊ, गाठी-गाठींच्या टायरांची जाड माउंटन बाईक मात्र डांबरी रस्त्यावर विनाकारण दमवते. तीच वापरायची असेल तर निदान गुळगुळीत टायर बसवून घ्यावेत. नवी घ्यायची असल्यास कंपनीमार्फत ‘सायकल टू वर्क’ योजनेची चौकशी करावी. त्यात सायकलीची किंमत करपूर्व पगारातून हप्त्याने कापली जाते. मात्र सायकलीचा मुख्य वापर कामावर जाण्यायेण्यासाठी असावा ही अट आहे, आणि पगाराच्या आकड्यावर व्हिसा अवलंबून असणाऱ्यांनी ही कपात चालेल का, हे एचआरला आधी विचारून घ्यावे. कोणाची तरी मागून आणलेली सायकल चालेल, फक्त ती सरावाच्या पहिल्या आठवड्यापासून आपल्याकडे हवी.

सीटची उंची बहुतेकांची कमी असते आणि त्यामुळे गुडघे दुखतात. भिंतीला टेकून सीटवर बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल सर्वांत खाली न्यावे. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना, चवडा पॅडलवर असताना, गुडघ्याला हवा तेवढा बाक येतो. गादीची सायकलिंग चड्डी हा मात्र उगाचचा चोचला नव्हे. ती आतल्या चड्डीशिवाय घालायची असते. हे सांगायला दुकानदारही लाजतात आणि मग लोक चार तासांनी शिवणीचे ओरखडे सोसतात.

राइडच्या तीन-चार आठवडे आधी सायकल दुरुस्तीच्या दुकानात तपासून घ्यावी. शेवटच्या आठवड्यात दुकानांना फुरसत नसते आणि नव्या बसवलेल्या तारा व ब्रेक पॅड थोडे चालवल्यावर पुन्हा जुळवावे लागतात. ब्रेकचे पॅड, साखळीची झीज, टायरवरच्या चिरा आणि सर्वांत हलका गिअर नीट पडतो का, या चार गोष्टी आपण स्वतः पाहाव्यात. सोबत दोन ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर, हातपंप आणि षटकोनी पान्यांचा घडीचा संच असावा. ब्रायटनजवळच्या ससेक्स परगण्यातल्या खडूच्या टेकड्यांच्या रस्त्यांवर, विशेषतः पावसानंतर, गारगोटीचे धारदार तुकडे येतात आणि पंक्चर होतात. वाटेत मदत करणारे मेकॅनिक असले तरी त्यांच्याकडे रांग असते. घरी बसून मागचे चाक काढणे आणि ट्यूब बदलणे दोनदा करून पाहावे. मागचेच, कारण पुढचे सर्वांना जमते.

हेल्मेट घालावे. ब्रिटिश सायकलिंग किंवा सायकलिंग यूके या संघटनांच्या योग्य सदस्यत्वात तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा मिळतो. हजारो लोकांत चालवताना तो असलेला बरा.

बारा आठवड्यांचा सराव

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि संध्याकाळी उजेड मिळू लागतो. सराव सुरू करायला हा दिवस सोयीचा आहे. आठवड्यात कामाच्या दिवशी दोन वेळा पाऊण ते एक तास आणि शनिवार-रविवारपैकी एका दिवशी एक लांब राइड, एवढे नियमित झाले तर पुरते. लांब राइड पहिल्या आठवड्यात २० ते २५ किलोमीटरची ठेवावी आणि दर आठवड्याला पाच-सहा किलोमीटरने वाढवावी, पण दर चौथ्या आठवड्यात ती मुद्दाम कमी करावी. राइडच्या दोन ते तीन आठवडे आधी एकदा ७० किलोमीटरच्या आसपास झाले की उरलेले अंतर त्या दिवशीच्या उत्साहावर निघते. पूर्ण ८७ किलोमीटर आधी चालवून पाहण्याची गरज नाही. शेवटच्या आठवड्यात फक्त दोन हलक्या फेऱ्या माराव्यात. राहून गेलेला सराव त्या आठवड्यात भरून काढणाऱ्याचे पाय रविवारी जड असतात.

वेग किती हवा, हा प्रश्न सगळेच विचारतात. ताशी १८ ते २० किलोमीटरने चालवणाऱ्याला प्रत्यक्ष चालवण्याचे साडेचार-पाच तास लागतात आणि थांबे, सिग्नल, गर्दी धरून एकूण सहा-सात तास होतात. सरावात शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच जोर लावावा. धाप लागून वाक्य तुटत असेल, तर तो वेग दिवसभर टिकणारा नाही.

चढाचा सराव मात्र वेगळा आणि मुद्दाम करावा लागतो. हॅरो-वेंब्लीकडे राहणाऱ्यांना हॅरो ऑन द हिलचे आखूड, खडे रस्ते घराजवळच आहेत. एकच चढ चार-पाच वेळा चढावा. दक्षिण-पश्चिम लंडनकडच्यांना रिचमंड पार्कची साधारण ११ किलोमीटरची फेरी सोयीची आहे, फक्त तिथल्या हरणांना रस्ता आपल्या बापाचा वाटतो हे लक्षात ठेवावे. शक्य झाल्यास एकदा सरेमधल्या बॉक्स हिलला जावे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकची रस्त्यावरील सायकल शर्यत याच वळणांवरून गेली होती. हा चढ मोठा असला तरी सौम्य आहे, म्हणून न थांबता एका लयीत चढत राहण्याची सवय तिथे उत्तम होते.

दर दोन आठवड्यांनी सरावाचा एखादा फोटो आणि दोन ओळी देणगीच्या पानावर टाकाव्यात. ज्यांनी अजून दिलेले नाही त्यांना त्यातूनच आठवण होते आणि पुन्हा मागावे लागत नाही.

खाणे आणि पाणी

लांब राइडमध्ये तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि अर्धा लिटर पाणी लागते. उन्हात पाणी अधिक लागते. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, यावरून अंदाज करता येतो. बाजारातल्या जेलच्या पुड्यांची मला फारशी गरज वाटलेली नाही. खजूर, केळी, गुळाची चिक्की आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी यांवर काम उत्तम भागते आणि पोटालाही ते ओळखीचे असते. भूक लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला थोडे खावे. पहाटे निघण्यापूर्वी दोन तास आधी पोहे किंवा इडली बरी. तळलेले आणि तिखट नको. वाटेतल्या गावांत चर्च, शाळा आणि स्काउटच्या मंडळींचे टेबल लागलेले असतात. तिथे केक आणि चहा मिळतो, पण खाण्याचा मुख्य पदार्थ बहुधा बेकन रोल असतो. शाकाहारी माणसाने आपला डबा सोबत ठेवावा. त्या दिवशी कोणताही पदार्थ पहिल्यांदा खाऊन पाहू नये.

क्लॅपहमपर्यंत पोहोचणे

क्लॅपहम कॉमन हे भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवरचे स्थानक असले, तरी जमिनीखालच्या खोल बोगद्यांच्या मार्गांवर घडीची नसलेली सायकल नेता येत नाही, आणि रविवारी पहाटे गाड्याही उशिरा सुरू होतात. घर दहा-बारा किलोमीटरच्या आत असेल तर सायकलनेच यावे. त्याहून लांब असल्यास आदल्या रात्री टूटिंग किंवा बॅलमला एखाद्या मित्राकडे मुक्काम करणे सर्वांत चांगले. जूनमध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्योदय होतो, पण पहाटे गारठा असतो. हलका वारा-पावसाचा कोट घालून निघावे आणि तो घडी करून पाठीच्या खिशात जाईल असा असावा. क्रमांकाचा कागद रात्रीच लावून ठेवावा आणि त्याच्या मागे घरच्यांचा फोन व औषधांची माहिती लिहावी.

रस्त्यावर

पहिला तास लंडनच्या उपनगरांतला, म्हणजे सिग्नल आणि थांबण्या-निघण्याचा आहे. त्यात पुढे जाण्याची धडपड करून काही मिळत नाही. सायकल डावीकडे ठेवावी, पुढे जायचे असेल तर उजवीकडून, आवाज देऊन जावे. अचानक ब्रेक मारणे हा गर्दीतला सर्वांत मोठा गुन्हा आहे. थांबायचे असल्यास हात करून, ‘स्टॉपिंग’ असे मोठ्याने सांगून, रस्त्याच्या पूर्ण बाहेर जाऊन थांबावे. खड्डा दिसला की मागच्याला बोटाने दाखवावा. कोणताही रस्ता वाहनांसाठी बंद आहे असे गृहीत धरू नये. मार्शल (वाटेवरचा राइडचा स्वयंसेवक) नाही म्हणेपर्यंत समोरून गाडी येणारच, असे धरून चालवावे.

शहर सुटले की रस्ते अरुंद होतात आणि दोन्ही बाजूंनी कुंपणाची झाडे येतात. टर्नर्स हिलचे गाव साधारण अर्ध्या वाटेवर, एका दमवणाऱ्या चढाच्या माथ्यावर आहे. सगळे तिथे थांबतात, म्हणून पाण्याची आणि शौचालयाची रांग तिथेच सर्वांत लांब असते. थोडे अलीकडे किंवा पलीकडे थांबलेले बरे. पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये, पाय आखडतात. पुढे आर्डिंगली आणि लिंडफील्डमधला भाग सुंदर आहे आणि फसवाही, कारण लहान लहान चढउतारांत माणूस नकळत दम खर्च करून बसतो. या टप्प्यात मुद्दाम एक गिअर हलका ठेवून चालवावे. पुढचा चढ इथल्या काटकसरीवर चढायचा असतो.

तो चढ म्हणजे डिचलिंग बीकन. शेवटचे आठ-दहा मैल उरलेले असताना, डिचलिंग गाव सोडल्यावर, साउथ डाउन्स टेकड्यांची भिंतच समोर येते. माथा २४८ मीटर उंचीवर आहे, प्रत्यक्ष चढ सुमारे दीड किलोमीटरचा, सरासरी नऊ-दहा टक्क्यांचा आणि काही वळणांवर पंधराच्या वर जाणारा आहे. १९९४ साली टूर द फ्रान्स इंग्लंडमध्ये आली तेव्हा तीही या चढावरून गेली होती. सिंहगडाचा रस्ता सायकलने चढलेल्या पुणेकराला याची लांबी किरकोळ वाटेल. अवघड आहे ती गर्दी. रस्ता अरुंद, वर झाडांची कमान, आणि पुढे कोणी थांबले की मागच्या वीस जणांना उतरावे लागते.

पायथ्याशी पोहोचण्यापूर्वी, सपाटीवर असतानाच, सर्वांत हलक्या गिअरच्या जवळ यावे. चढावर जोर लावून गिअर बदलताना साखळी पडते आणि तशी अडकलेली माणसे पहिल्या वळणावरच दिसू लागतात. बसूनच चढावे, उभे राहू नये, नजर पुढच्या चाकाऐवजी दहा-पंधरा मीटर वर ठेवावी आणि पुढच्या सायकलीपासून अंतर सोडावे. क्लिपचे (पॅडलला अडकणारे) बूट असतील तर एक पाय आधीच मोकळा करण्याची तयारी ठेवावी. उतरावे लागलेच, तर खड्या भागातून पुन्हा बसण्याची खटपट न करता कडेने चालत जावे आणि चढ थोडा सैल झाला की बसावे. अर्ध्याहून अधिक लोक या चढाचा काही ना काही भाग चालतातच असे वाटावे, इतके पायी चालणारे तिथे दिसतात, आणि देणगीदारांपैकी कोणीही ‘पूर्ण सायकलवर चढलास का’ याचा हिशेब मागत नाही. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप किंवा चक्कर यांपैकी काही जाणवले तर थांबून मार्शलला सांगावे. हृदयविकाराच्या नावाने निघालेल्या राइडमध्ये हे लपवण्याइतका विसंगत पराक्रम दुसरा नाही.

माथ्यावर आइस्क्रीमची गाडी असते आणि समोर समुद्राची रेषा दिसते. पण चढ संपला म्हणजे दगदग संपली असे नाही. माथ्यावरचा रस्ता उघडा आहे, नैर्ऋत्येकडून वारा लागतो आणि पुढे आणखी एक-दोन लहान उंचवटे आहेत. घामाने भिजलेल्या अंगावर कोट चढवूनच उताराला लागावे. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आलटूनपालटून दाबावेत, वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. थकलेले हात आणि जवळ आलेला शेवट यांमुळे अपघात इथेच होतात. शहरातून उतरून किनाऱ्यालगतच्या मदीरा ड्राइव्हवर राइड संपते. तिथे गर्दीत घरच्यांना शोधणे कठीण जाते आणि फोनचे नेटवर्कही कधी कधी अडते, म्हणून भेटीची नेमकी जागा आणि वेळ आधी ठरवलेली असावी. कुलूप न्यावे. सायकल भिंतीला टेकवून चहाच्या रांगेत उभे राहण्याजोगे ब्रायटन नाही.

नंतरचा आठवडा

देणग्यांचा चांगला ओघ राइडनंतरच्या सात-आठ दिवसांत येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘देतो’ म्हणून राहून गेलेले लोक शेवटच्या टप्प्याचा फोटो पाहिला की देतात. म्हणून रविवारी रात्रीच, कितीही थकवा असला तरी, पानावर फोटो आणि चार ओळी टाकाव्यात, आणि दुसऱ्या दिवशीपासून देणाऱ्या प्रत्येकाला वेगळे आभार कळवावेत. रोख जमलेली रक्कम, देणाऱ्यांची नावे आणि वडापावच्या टेबलाचा हिशेब आठवड्याच्या आत संस्थेकडे भरून टाकावा आणि मंडळाच्या समितीला त्याची पावती दाखवावी. पुढच्या वर्षी परवानगी मागायला जाणारा कोणीतरी दुसरा असेल, त्यालाही ते उपयोगी पडते.

कंपनीच्या मॅच्ड गिव्हिंगची मंजुरी आधी घेतलेली असली, तरी रकमेचा अर्ज मात्र लगेच भरू नये. पुष्कळ कंपन्या एका कार्यक्रमासाठी एकदाच रक्कम देतात आणि ती अर्जाच्या दिवशी पानावर दिसणाऱ्या आकड्यावर ठरते. त्यामुळे उशिराच्या देणग्या येऊ द्याव्यात, अर्जाची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी आणि त्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी पानाची प्रत जोडून अर्ज करावा.